मजकूर परी आणि मामंजींचा खोकला

माझी नात जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या वाचते. मी खोलीत शिरले की कादंबरी उशीखाली जाते आणि कॉलेजचं पुस्तक घाईघाईनं मांडीवर येतं, बहुतेक वेळा उलटं. परवा ती आंघोळीला गेल्यावर मी उशी उचलून बघितली. मुखपृष्ठावर उघड्या छातीचा एक राजपुत्र, त्याच्या मागं जाळ आणि जाळातून डोकावणारं पंखवालं जनावर. ती केस पुसत बाहेर आली तेव्हा मी चष्मा लावून त्या छातीचं निरीक्षण करत होते.

"आजी, हसू नको हं. नुसता टाइमपास आहे."

"ह्याला पंख फुटतात का गं?"

"कुणाला?"

"ह्या उघड्याला."

ती जरा लाजली. "फुटतात. शाप आहे त्याला."

"आणि तिला ते ठाऊक नाही. तिला वाटतं हा आपला तिरस्कार करतो."

"तू वाचलंस?" ती ओरडलीच.

इंग्रजी कुठून वाचणार मी? पण असल्या गोष्टींत पोरीला कधीच काही ठाऊक नसतं. तिच्यापासून चार हातांवर तो जळत असतो आणि तिला वाटतं उन्हाळा वाढलाय. हे सगळं मला सतराव्या वर्षीच पाठ झालं होतं. नातीनं विचारलं असतं तर सांगितलंही असतं. पण तिची बस होती. म्हणून इथं लिहून ठेवते.

लग्न करून मी पैठणहून ह्या शहरात आले तेव्हा सातवी पास होते आणि त्याचा मला फार गर्व होता. पोलीस अ‍ॅक्शननंतर निजामाचं राज्य गेलं आणि शाळा मराठी झाल्या, त्या पहिल्या पहिल्या वर्गांतली मी. सासरी बेगमपुऱ्यात तीन खोल्यांचं घर. त्यात सासरे, सासू, एक मांजर आणि मी. नवरा आठ दिवस होता. मग त्यांची रजा संपली आणि ते किनवटच्या जंगलात जमीन मोजायला निघून गेले. मोजणी खात्यात होते. आठ दिवसांत माझ्याशी बोललेली त्यांची वाक्यं मी बोटांवर मोजली होती, आणि एका हाताची बोटं उरली होती. एक वाक्य "खिडकी लाव" असं होतं. दुसरं "राहू दे, उघडीच बरी."

सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. म्हणजे मनात. तोंडानं कधी हाक मारली नाही. त्या काळी आमच्यात सून सासऱ्यांसमोर जात नसे, बोलत तर मुळीच नसे. ओसरी त्यांची, माजघर आमचं, मधल्या चौकटीला जुन्या लुगड्याचा पडदा. त्यांना चहा हवा असला तर ते आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगत. मी कप पडद्याखालून सरकवत असे. आत्याबाई घरात नसल्या तर आमचं बोलणं मांजरामार्फत चाले.

"माऊ, आज पोस्टमन आला होता का म्हणावं."

"माऊ, आला असता तर सांगितलं नसतं का म्हणावं."

त्या मांजरानं आमच्या घरात जेवढे निरोप वाहिले तेवढे डाकखात्यानं वाहिले नसतील.

मामंजी निजामाच्या कचेरीत पेशकार होते. जन्मभर फैसले, अर्ज, पंचनामे उर्दूत लिहिलेला माणूस. अक्षर असं की तालुकदार नुसतं बघत बसायचे म्हणे. मग राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली, आणि वर्षा-दोन वर्षांत मामंजी घरी बसले. रोज पाणचक्कीपर्यंत जाऊन यायचे, बोरू तासून ठेवायचे आणि काही लिहायचे नाहीत. त्यांची भाषा ऐकणारं घरात कुणी उरलं नव्हतं. मुलगा होता, तो किनवटला.

एक दिवस त्यांनी शहागंजच्या जुन्या बाजारातून लाकडी कपाट आणलं. त्या वर्षांत बरीच घरं उठून हैदराबादला गेली, कुणी त्याच्याही पलीकडं. त्यांचं सामान बाजारात येत राहिलं. कपाटाच्या तळच्या खणात अंथरलेल्या कागदाखाली एक पुस्तक निघालं. पहिली काही पानं नव्हती, त्यामुळं नाव नाही, लिहिणारा कोण ते नाही. उर्दू.

"बरं झालं, बंब पेटवायला व्हईल," आत्याबाई म्हणाल्या.

"छापलेला कागद तपासल्याबिगर जाळायचा नसतो," मामंजी म्हणाले, आणि दुपारी ओसरीवर चष्मा लावून पुस्तक तपासायला बसले.

वाचता वाचता त्यांना सवयीनं मोठ्यानं वाचावंसं वाटलं असावं. आणि ऐकणाऱ्या आत्याबाईंना उर्दू यायची नाही म्हणून ते वाक्यावाक्याला मराठी करून सांगू लागले. पण त्यांना येत होती ती मराठी कचेरीतली, 'सदरहू' आणि 'मजकूर', म्हणजे वर सांगितलेला, असल्या शब्दांची. मी पडद्याआड तांदूळ निवडत होते. आणि पलीकडून आवाज आला:

"सदरहू शहजादा बागेत हजर झाला. मजकूर परी डाळिंबाच्या झाडाआड गैरहजर होती. म्हणजे हजर होती, पण शापामुळं दिसत नव्हती."

माझ्या हातातलं सूप तिथंच थांबलं.

गोष्ट अशी की, परीला शाप होता. ज्याच्यावर तिचं मन बसेल त्यालाच ती दिसणार नाही. बाकी सगळ्या जगाला दिसेल, माळ्याला, घोड्याला, म्हाताऱ्या दाईला, फक्त त्याला नाही. त्याला नुसत्या तिच्या बांगड्या ऐकू येतील. शहजाद्याचे डोळे निळे. घोडा बोलणारा, आणि त्यातही शेर म्हणणारा. एक काळा जिन होता, त्याचा जीव एका लवंगेत, आणि ती लवंग कुठल्या तरी मसाल्याच्या डब्यात, सात दरवाजांच्या आत. शहजाद्याला दर तिसऱ्या प्रकरणात डोक्याला मार लागून सगळं विसरायला व्हायचं. परी मग पहिल्यापासून बांगड्या वाजवायची.

आता लिहिताना मलाच हसू येतंय. पण तेव्हा मी हसले नाही बरं का. तेव्हा मला हे जगातलं सर्वांत खरं पुस्तक वाटलं. भातात लवंग टाकताना माझा हात थबकायचा, न जाणो. चुलीसमोर बसून मी परीसारखा उसासा टाकायला शिकत होते. चांगला लांब, खांदे वर करून. त्या सरावात भाकरी जळायची.

आत्याबाई दुसऱ्या पानाला भिंतीला टेकून डुलकी घ्यायच्या, पण मध्येच जाग्या होऊन हरकत घ्यायच्या.

"ह्या शहजाद्याला काय काम नाय का धंदा नाय? सकाळधरनं बागेतच हाय."

"शहजादा आहे तो."

"मग त्याला आई नाय का? जेवायला कवा जातो?"

मामंजी पान चाळून बघायचे. "जेवणाची नोंद नाही," असं सांगायचे आणि पुढं वाचायचे. तासाभरानं पुस्तकात मोरपीस ठेवून म्हणायचे, "पुढील कामकाज उद्यावर तहकूब."

आणि आता मुद्द्याचं. पुस्तकात काही जागा अशा यायच्या की तिथं मामंजींना खोकला यायचा.

"परीने आपला हात पुढे केला. शहजाद्याला हात दिसला नाही, परंतु मेंदीचा वास आल्याने त्याने सदर वासाच्या दिशेने… अख्खू! अख्खू!… असो. तेवढ्यात जिन आला."

पहिल्यांदा मला खरंच वाटलं ठसका लागला. मी पडद्याखालून पाण्याचा पेला सरकवला. तिसऱ्या-चौथ्या वेळी डोक्यात प्रकाश पडला. सुनेच्या कानावर जाऊ नये असं काही आलं की म्हातारा खोकतो! तेव्हापासून मी खोकल्याचीच वाट बघू लागले. एक खोकला म्हणजे हात हातात घेतला असणार. दोन म्हणजे जवळ आले. तीन खोकले आणि वर उठून अंगणात थुंकून येणं म्हणजे… मी ओच्यात तोंड खुपसून बसायचे. पुस्तकात काय लिहिलं होतं ते देव जाणे, पण त्या रिकाम्या जागा मी माझ्या पदरचं घालून अशा भरत होते की लिहिणाऱ्यानं माझ्याकडं शिकवणी लावली असती.

मामंजी फिरायला गेले की मी पुस्तक पुसायच्या निमित्तानं उघडायचे. एक अक्षर कळत नव्हतं. पण मोरपीस असेल तिथंच, खोकल्याच्या पानावर, दोन-तीनदा मला समासात नारिंगी ठसा दिसला. अंगठ्याचा. कुणीतरी ओल्या मेंदीच्या हातानं हे पान धरून ठेवलं होतं. ते घर उठून गेलं होतं, ती मुलगी कुठं गेली कोण जाणे. मी माझा अंगठा त्या ठशावर ठेवून बघितला. माझा जरासा मोठा होता.

किनवटहून महिन्याला एक पत्र यायचं. तेही उर्दूत. ह्यांची शाळा निम्मी उर्दूत झालेली, आणि वडिलांना लिहायचं तर अदब उर्दूतच, असं दोघा बापलेकांचं ठरलेलं. "जनाब वालिद साहब, बाद आदाब के अर्ज़ है" अशी सुरुवात. मामंजी आधी एकदा मनात वाचायचे. मग आम्हा बायकांसाठी मराठी करायचे.

"लिहितो की, हवा दमट आहे. तांदूळ जाड मिळतो. साखळी तुटली होती, दुरुस्त झाली. आईस नमस्कार. बाकी खैरियत."

झालं. मी पडद्याआड उभी. चार पत्रं आली, चारही अशीच. माझ्या नावाचं काही नाही. नाव नको, नाव घ्यायची पद्धतच नव्हती. पण "घरात सर्व ठीक असतील" एवढं म्हणायला काय हरकत होती? तेही नाही. मोजणीच्या साखळीची चौकशी होती, माझी नव्हती. एक सांगते, चेष्टा बाजूला ठेवून. मला तेव्हा एवढंच जाणून घ्यायचं होतं की ह्या माणसाच्या मनात मी आहे का. आठ दिवसांत कळलं नव्हतं. आणि विचारायची सोय कुठंच नव्हती.

पुस्तकातला शहजादा न दिसणाऱ्या परीसाठी दरवाजे फोडत होता आणि माझ्याकडं दिसत असून कुणी बघत नव्हतं. मी आपली दारावरून टांगा गेला की कान टवकारायचे. टांगा दूधवाल्याचा असायचा.

पाचवं पत्र आलं तेही तसंच कोरडं. ते वाचून झाल्यावर मी मांजराला म्हटलं, "माऊ, किनवटला शाई संपली का गं?"

  पलीकडून पत्राची घडी घातल्याचा आवाज तेवढा आला.

सहावं पत्र आलं. "लिहितो की, थंडी पडू लागली. लाकूड मुबलक आहे. मोजे फाटले, नवे पाठवावेत. आणि लिहितो की… अख्खू!" थांबले. "अख्खू!" मग घाईघाईनं, "असो. बाकी खैरियत."

दोन खोकले!  मी जात्याच्या खुंट्याला धरून खाली बसले. आत्याबाई म्हणाल्या, "काय गं, चक्कर आली का?" त्यांच्या डोळ्यांत भलतीच आशा चमकली, मग त्यांनी महिने मोजले आणि आशा विझली.

त्या दिवसापासून मी निराळीच झाले. दोन खोकल्यांवर माणूस किती जगू शकतं ते मला विचारा. दळताना, सारवताना, पाणी भरताना मी त्या दोन खोकल्यांत काय काय लिहिलं असेल ते रचत होते. एके दिवशी त्यात माझे डोळे आले. एके दिवशी माझा आवाज. खिडकीसुद्धा आली. खिडकी लाव म्हणाले होते ते कुणाची मला दृष्ट लागू नये म्हणून, असाही मी अर्थ लावला. सातवी पास!

मोज्यांचं पार्सल करायचं ठरलं. आत्याबाईंनी शेंगदाण्याची चटणी दिली, मामंजींनी गुलमंडीवरून मोजे आणले. पार्सल शिवायचं काम माझं. मी उजव्या मोज्यात चिठ्ठी घातली. लिहायला बसले तर काहीच सुचेना. शेवटी माझ्या शुद्ध मराठीत दोन ओळी लिहिल्या: "खोकला ऐकला. मलाही तसेच होत आहे. बोलता येत नाही."

मला वाटलं, ह्याहून स्पष्ट कुणी काय लिहिणार?

बारा दिवसांनी, भर दुपारी, वाचन चालू होतं. पुस्तक शेवटाला आलं होतं. "सदरहू शहजादा सातवा दरवाजा ओलांडून…" आणि दारात टांगा थांबला. खरोखरचा. त्यातून कुणीतरी उडी मारून उतरलं. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. उन्हानं रापलेला, हिवतापानं पिवळा पडलेला, दाढी वाढलेला, पाठीवर पोतं. डोळे निळे नव्हते, लाल होते. दीड दिवस एसटी आणि रेल्वे बदलत आले होते.

"दादा! तुम्ही बसलात का? झोपून नाय का राहायचं?"

"मला काय झालंय?" मामंजी म्हणाले.

"खोकला! आणि तिलाही लागलाय, आवाज बसलाय म्हणं. डॉक्टरला दाखवलं का नाय? मी अडुळसा आणलाय." पोत्यातून त्यांनी ओसरीवर अडुळशाचा पाला ओतला. अर्धं जंगल होतं.

मी आत दगड झाले. बांगड्या हातात घट्ट धरल्या, वाजू नयेत म्हणून. मामंजींनी एकदा लेकाकडं बघितलं. एकदा पुस्तकाकडं. मग पडद्याकडं, आणि बराच वेळ तिकडंच बघत राहिले. पेशकारानं जन्मभर साक्षी लिहिल्या होत्या, कोण काय लपवतंय ते त्यांना पडद्यातूनही कळायचं. त्यांनी चष्मा काढला, छातीवर हात ठेवला आणि खोकले. काय खोकले! अंगणातली कबुतरं उडाली.

"व्हय रे," ते म्हणाले. "लई दिवस झाले. खालून येतो."

आत्याबाई खडबडून जाग्या झाल्या. "अगं बाई! आन मला काय बोल्ले नाय!"

"तू झोपली व्हतीस."

चार दिवस ह्यांची रजा होती. चार दिवस मामंजींनी रोज तीन वेळा अडुळशाचा काढा प्यायला. कडू जहर. मी तो करून पडद्याखालून सरकवायची, आणि ते रिकामा पेला परत सरकवताना मांजराला म्हणायचे, "माऊ, गुन्हा एकाचा, शिक्षा एकाला." मलाही अर्थातच प्यावा लागला. पण मला तो गोड लागला असं लिहीत नाही. खोटं कशाला बोलू?

पहिल्याच संध्याकाळी हे स्वयंपाकघरात आले. उंबऱ्यावर थांबले. खिशातून चिठ्ठी काढली आणि खात्याच्या परीक्षेला बसल्यासारखी एकेक अक्षर लावत वाचली. "मला-ही त-सेच होत आ-हे." मग म्हणाले, "तुझा तर आवाज चांगला हाय."

मी चुलीतलं लाकूड मागं-पुढं करत राहिले. शेवटी सगळं सांगून टाकलं. पुस्तक, परी, खोकला, पत्रातला खोकला. सांगताना लाज अशी वाटत होती की चुलीत जावं.

ते जमिनीवर बसले. म्हणाले, "पण मी तिथं तसलं काय लिहिलंच नव्हतं."

"मग काय होतं?"

"मोज्यांचं माप. नऊ नंबर."

भाकरी जळाली. दोघांनी बघितली, कुणी उलटली नाही. मोज्यांच्या मापाला मामंजी खोकले होते. मांजराला मी शाईचं विचारलं होतं, ते त्यांनी ऐकलं होतं. एवढंच. ज्यावर मी तीन आठवडे जगले ते सगळं म्हाताऱ्यानं माझी दया येऊन केलं होतं. लेकाच्या मनात काही नव्हतंच. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. धूर होताच, त्याच्यावर ढकललं.

ह्यांनी विचारलं, "किती वेळा खोकले?"

"दोनदा."

ते विचार करत राहिले. बांधाची मोजणी चुकली तर करत असतील तसा. मग उठले आणि म्हणाले, "बरं."

नुसतं "बरं". चार दिवसांत त्यापुढं त्या विषयावर एक शब्द नाही. पाचव्या दिवशी परत किनवट.

पुढच्या पत्रात मामंजी एकदा खोकले. त्याच्या पुढच्यात दोनदा. मी पडद्याआड ऐकत होते, पण आता ते ऐकणं पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. हा खोकला कुणाचा? तिकडून आलेला की इथलाच, दयेचा? भर पावसाळ्यात एक पत्र आलं, त्यात चार खोकले, तेही थांबून थांबून. आत्याबाई हळदीचं दूध घेऊन धावल्या. मी मात्र हसावं की रडावं ह्या विचारात उभी. मामंजींना विचारायचं तर मध्ये पडदा. मांजराला विचारून झालं. मांजर म्हणालं, "खोकल्याची कारणं हकीम जाणे म्हणावं."

दोन वर्षांनी ह्यांची बदली शहरात झाली. संसार झाला, मुलं झाली. मोठ्यांनी उंबरा ओलांडताना खोकावं ही तेव्हाची रीतच. हेही खोकायचे, एकदाच, हळू. मी हातातलं काम ठेवून उठायचे. त्यांच्या तोंडून शहजाद्यासारखं एक वाक्य चाळीस वर्षांत निघालं नाही. एकदा मी धीर करून विचारलं, "त्या पत्रांत खरंच काही असायचं का हो?" म्हणाले, "दादांना विचार." दादा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. पत्रं कुठं गेली तेही ठाऊक नव्हतं. आत्याबाई म्हणायच्या, बंबात गेली असतील.

मामंजी गेले त्याच्या आधी त्यांना मोतीबिंदू झाला. पुस्तक दुसऱ्यांदा वाचत होते, मध्यावर अडलं. मग एकदा मांजराला, म्हणजे त्या मांजराच्या नातीला, म्हणाले, "अलिफ-बे शिकायला काय वय लागतं का म्हणावं." पडद्याखालून पाटी सरकू लागली. इकडून मी गिरवून परत सरकवायची. सहा महिन्यांत मी अडखळत वाचू लागले, आणि उरलेलं पुस्तक मी त्यांना वाचून दाखवलं. खोकल्याच्या जागा आल्या तेव्हा मी ओळ आधी मनातच वाचून घेतली. आणि काय असावं तिथं? "शहजाद्यानं तिच्या ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं." संपलं! तीन खोकल्यांच्या जागी त्यानं तिच्या पैंजणाचा पडलेला घुंगरू खिशात ठेवला होता. एवढ्यासाठी म्हातारा अंगणात थुंकून आला होता, आणि मी काय काय समजून बसले होते! पण मीही सासऱ्यांसमोर ते वाचू शकले नाही. मी खोकले. पडद्यापलीकडून मामंजी पोटभर हसले.

आता गेल्या महिन्यातलं. हे जाऊन अकरा वर्षं झाली. मुलाला फुलंब्रीच्या शेताचा जुना कागद हवा होता. तसले कागद उर्दूत, आणि घरात उर्दू वाचणारी मी एकटी. माळ्यावरून मामंजींची पत्र्याची पेटी काढली. सगळं कचेरीच्या पद्धतीनं, दोऱ्यानं ओवलेलं. शेताचे कागद, घराचे कागद, आणि सर्वांत खाली एक बारीक नस्ती. वरच्या कागदावर ते बोरूचं देखणं अक्षर: "किनवट."

नात शेजारी बसली होती, फोनमध्ये तोंड घालून. मी चष्मा पुसला.

सहावं पत्र आधी शोधलं. मोजे, नऊ नंबर. खरं बोलले होते. मग पान उलटलं. त्या चार दिवसांच्या रजेहून परत गेल्यावरचं पहिलं पत्र. आदाब, हवा, तांदूळ, आणि मग एक ओळ, बाकी अक्षरापेक्षा जरा बारीक: "इस मुक़ाम पर एक मर्तबा खाँस दीजिए।" ह्या जागी एकदा खोकावं. पुढच्या पत्रात: "यहाँ दो मर्तबा।" मी एकेक पान उलटत गेले. साखळी, पूर, हिवताप, आणि प्रत्येकात ती ओळ. त्या पावसाळ्यातलं पत्र निघालं: "बारिश थमती नहीं। यहाँ चार मर्तबा, ज़रा ठहर ठहर कर।" प्रत्येक ओळीपुढं मामंजींनी लाल शाईनं बारीक खूण केली होती, कचेरीत हुकूम तामील झाला की करायचे तशी.

शेवटचं पत्र तीनच ओळींचं. बदलीचा हुकूम आला आहे. सोमवारी निघतो. आणि खाली, "अब खाँसने की ज़रूरत नहीं। ख़ुद आ रहा हूँ।"

मी ते मांडीवर ठेवलं. उंबऱ्याकडं बघितलं. दुपार होती, दार उघडं होतं, तिथून नुसतं ऊन आत येत होतं.

"आजी," नात फोनमधून डोकं काढून म्हणाली, "मिळाला का शेताचा कागद? काय लिहिलंय त्यात? वाच ना मोठ्यानं."

मी वाचायला तोंड उघडलं. आणि मला खोकला आला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

पोर धावत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली.